स्नेहसंमेलनाचा रंगमंच आणि विद्यार्थी-ग्राहक : नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थी-कार्यक्रम व्यवसायाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन जीवनात स्नेहसंमेलनाचे स्थान कोणते, हा प्रश्न वरवर पाहता गौण वाटतो. अभ्यासक्रम, परीक्षा, संशोधन या विषयांवर प्राध्यापकवर्गात जेवढी चर्चा होते तेवढी गॅदरिंगवर होत नाही. गॅदरिंग येते, तीन-चार दिवसांत आटोपते आणि त्याचा जमाखर्च सांस्कृतिक विभागाच्या फाइलमध्ये बंद होतो. तथापि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या तीन-चार दिवसांभोवती एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. मंडप-बिछायत आणि लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्यांपासून सुरू झालेली ही साखळी ऑर्केस्ट्रा, डीजे, फ्रेशर्स पार्टी, प्रायोजक, गुणगौरव सोहळे आणि थेट विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनी क्रमांकांच्या याद्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे. नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातील दोन मोठी शैक्षणिक केंद्रे या बदलाच्या केंद्रस्थानी आहेत.

विद्यार्थ्यांचे मनोरंजन हाच ज्याचा व्यवसाय, त्या उद्योजकाच्या वाटचालीकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. व्यवसाय म्हणजे भ्रष्टता आणि हौस म्हणजे पावित्र्य असे सोपे समीकरण येथे अभिप्रेत नाही. कोणत्याही प्रयोगाला पैसा लागतो व तो उभा करणारा माणूसही लागतो. म्हणून या व्यवसायाची पारख तीन प्रश्नांच्या आधारे करणे उचित ठरेल. रंगमंचावर कोण उभे राहते? खर्च कोण करतो व कशासाठी करतो? आणि कार्यक्रम संपल्यावर विद्यार्थ्याजवळ काय उरते? या तिन्हींपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय.

एकहाती उद्योगाचा नमुना : लक्ष्मण देशपांडे

मराठवाड्यातील या व्यवसायाचा विचार करताना डॉ. लक्ष्मण देशपांडे (१९४३-२००९) यांच्या कारकिर्दीपासून प्रारंभ करणे योग्य होईल. देशपांडे यांची ओळख उद्योजक म्हणून नाही. ते औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातील अध्यापक आणि ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाचे लेखक-अभिनेते म्हणून ते सर्वश्रुत आहेत. ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करणारा हा सुमारे तीन तासांचा प्रयोग त्यांनी जवळजवळ तीन दशके केला. गिनीज बुकातही त्याची नोंद झाली. या यशाची चर्चा बहुधा अभिनयकौशल्याच्या अंगाने होते, व ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याला एक आर्थिक अंगही आहे आणि ते दुर्लक्षित राहिले आहे.

एकपात्री प्रयोगाला नेपथ्याचा ट्रक लागत नाही, पंधरा-वीस कलावंतांचा प्रवास आणि मुक्काम लागत नाही. एक रंगमंच, एक ध्वनिक्षेपक, थोडा प्रकाश एवढ्यावर तो उभा राहतो. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकाचा दौरा ज्या गावाला परवडत नव्हता, त्या गावातील महाविद्यालयालाही असा प्रयोग परवडू शकत होता. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’च्या प्रयोगांतून, तसेच शंकर पाटील, द. मा. मिरासदार व व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनातून हाच अल्पखर्ची मार्ग रूढ केला होता. लक्ष्मण देशपांडे यांनी त्यात मराठवाड्याची बोली आणली. गावाकडचे लग्न, मानपान, रुसवेफुगवे, विमानातली तारांबळ हे सारे ज्या भाषेत येते ती भाषा समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या घरातली होती. पुढे ध्वनिफितींमुळे हा प्रयोग ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला नाही अशांच्याही घरी पोहोचला. लेखन, निर्मिती, सादरीकरण यांचा एवढा मेळ एका व्यक्तीच्या ठायी असणे ही उद्योजकताच होय. फक्त तिला तसे नाव दिले गेले नाही.

उपर्युक्त तीन प्रश्न या कारकिर्दीला लावून पाहिले असता चित्र संमिश्र दिसते. रंगमंचावर विद्यार्थी नाही, व्यावसायिक कलावंत आहे. खर्च निमंत्रक संस्था किंवा तिकीट काढणारा प्रेक्षक करतो आणि तो केवळ प्रयोगासाठी करतो. प्रेक्षागृहातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला कुणी काही विकत नाही. उरते ते मात्र मोलाचे असते. आपली बोली रंगमंचावर चालते, एकटा माणूसही तीन तास सभागृह धरून ठेवू शकतो, ही जाणीव उरते. स्नेहसंमेलनात एकपात्री अभिनय करू पाहणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यासमोर यामुळे एक अनुकरणीय आदर्श उभा राहिला. देशपांडे यांच्या निधनानंतर मराठवाड्याचेच अभिनेते संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला, हेही या परंपरेच्या सातत्याचे द्योतक मानता येईल. प्रयोगाने प्रेक्षक घडवले आणि त्यांतून पुढचा कलावंतही निघाला.

गॅदरिंग सचिव ते इव्हेंट व्यावसायिक

१९९४ हे वर्ष या परिसराच्या शैक्षणिक इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि तोवर औरंगाबादच्या विद्यापीठाशी संलग्न असलेली नांदेड, लातूर व परभणी परिसरातील महाविद्यालये या नव्या विद्यापीठाच्या कक्षेत आली. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर आधारित नियुक्तीची पद्धत आणली.

महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचार पाहता या निर्णयामागची भूमिका समजण्यासारखी होती. तरी त्याचा एक अनपेक्षित परिणाम संभवतो व तो विचारात घेतला पाहिजे. निवडून आलेला गॅदरिंग सचिव वर्गणी गोळा करी, मंडपवाल्याशी घासाघीस करी, नाटकाची तालीम आणि पाहुण्यांची गाडी या दोन्हींची काळजी वाही. त्याच्या चुका होत, पण संयोजनाचे शिक्षण त्याला फुकट मिळे. नियुक्त प्रतिनिधी हा बहुधा अभ्यासू व परीक्षेच्या चिंतेत असलेला विद्यार्थी. त्याच्याकडून ही धावपळ अपेक्षिणे कठीण होते. ही पोकळी प्रथम प्राध्यापकांनी आणि नंतर बाहेरच्या व्यावसायिकाने भरून काढली, असे म्हणता येईल. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. परंतु २०१९ मध्ये घोषित झालेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या आणि विद्यार्थ्याच्या हाती संयोजन परत आले नाही.

या पोकळीत शिरलेला व्यावसायिक बहुतेक वेळा स्वतःच जुना विद्यार्थी असतो. त्याच्या वाटचालीचे टप्पे साधारणतः सारखे दिसतात. पदवीच्या वर्गात असताना तो गॅदरिंगची ध्वनिव्यवस्था ठरवून देतो. साउंडवाला त्याला थोडे कमिशन देतो. पुढच्या वर्षी शेजारच्या महाविद्यालयाचे काम त्याच्याकडे येते. मग तो दांडिया, फ्रेशर्स पार्टी, निरोप समारंभ अशी कामे घेऊ लागतो. त्यानंतर त्याला उमगते की खरा पैसा कार्यक्रमाच्या शुल्कात नसून प्रायोजकाच्या खिशात आहे. दुचाकीचे विक्रेते, भ्रमणध्वनी कंपन्या, कपड्यांची दालने आणि सर्वांत अधिक म्हणजे खासगी शिकवण्या, यांना एका जागी जमलेले शेकडो तरुण हवे असतात. या क्षणी त्याचा व्यवसाय बदलतो. महाविद्यालयाला कार्यक्रम विकणारा माणूस आता प्रायोजकाला प्रेक्षक विकू लागतो.

त्याला दोष देण्याची घाई करणे अन्याय्य ठरेल. ज्या प्रदेशात कारखानदारी तुटपुंजी आहे आणि पदवीधरासमोर स्पर्धापरीक्षा किंवा विनाअनुदानित नोकरी हेच पर्याय आहेत, तेथे स्वतःच्या हिमतीवर चार माणसांना काम देणारा तरुण कौतुकास पात्र आहे. या व्यवसायातील अनिश्चितताही मोठी आहे. २०२० व २०२१ मध्ये करोनामुळे महाविद्यालये आणि समारंभ बंद पडले, तेव्हा उत्पन्न थांबले, परंतु ध्वनिसामग्रीच्या कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. आक्षेप व्यक्तीवर नाही. व्यवहाराच्या मध्यभागी असलेला विद्यार्थी कोणत्या क्षणी प्रेक्षकाचा माल झाला, हे त्याला स्वतःला कळलेच नाही आणि महाविद्यालयाने ते त्याला सांगितले नाही, हा आक्षेपाचा मुद्दा आहे.

दोन वर्षांचा ग्राहक

नांदेड-लातूरची परिस्थिती इतर शहरांहून वेगळी आहे, याचे कारण येथील विद्यार्थिसंख्येचे स्वरूप. लातूर येथे दयानंद शिक्षण संस्थेची महाविद्यालये १९६१ पासून, तर राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० पासून कार्यरत आहे. बारावीच्या निकालातून नावारूपाला आलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने या शहराकडे संपूर्ण राज्याचे लक्ष वेधले. नांदेडमध्ये १९५० मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स कॉलेजपासूनची वैचारिक परंपरा आहे; नरहर कुरुंदकरांसारख्या प्राचार्यांचे व्याख्यान हीच तेथे एके काळी विद्यार्थ्यांची मेजवानी असे. पुढे या शहरातही वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्या वाढल्या. २०१६ नंतर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची निर्णायक परीक्षा ठरल्यावर उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर, किनवट इतकेच नव्हे तर बीड, परभणी, धाराशिव या भागांतूनही मुले-मुली या दोन शहरांत खोली व मेस लावून राहू लागली.

हा विद्यार्थी दोन वर्षांसाठी येतो आणि जातो. व्यवसायाच्या दृष्टीने याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. दर जून महिन्यात संपूर्णतः नवा ग्राहक शहरात दाखल होतो. मागच्या वर्षी काय आश्वासन दिले होते, हे त्याला ठाऊक नसते. इतर व्यवसायांत दुकानदाराला जुन्या गिऱ्हाइकाची भीती असते. येथे जुने गिऱ्हाईक उरतच नाही. त्यामुळे नावलौकिक टिकवण्यापेक्षा दर वर्षी नव्याने झगमगाट करणे अधिक किफायतशीर ठरते. चौकाचौकांतील फ्लेक्सवरील गुणवंतांची छायाचित्रे, जूनमधील मोफत मार्गदर्शन शिबिरे, नामवंत वक्त्यांची व्याख्याने आणि कलावंतांची हजेरी यांचा उगम या दोन वर्षांच्या चक्रात आहे.

याच चक्राचा दुसरा परिणाम सांस्कृतिक आहे. गॅदरिंगची परंपरा ज्येष्ठाकडून कनिष्ठाकडे जाते. तृतीय वर्षाचा विद्यार्थी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला एकांकिकेत छोटी भूमिका देतो व त्यातून वारसा चालतो. शिकवणीच्या वर्गात असा ज्येष्ठ नसतो. अनेक विद्यार्थ्यांचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवस दुसऱ्याच इमारतीत जात असे. या प्रकाराला आळा घालण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीकरिता बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला. यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. ज्या विद्यार्थ्याला महाविद्यालयच नाही त्याला स्नेहसंमेलन कोठून असणार? त्याच्या वाट्याला येतो तो फक्त सोहळा, आणि त्यात त्याची जागा खुर्चीवर असते.

गुणगौरव सोहळ्याचे संहितावाचन

या व्यवसायाची सर्वांत प्रगत निर्मिती म्हणजे गुणगौरव सोहळा. नाट्यप्रयोगाप्रमाणे त्याचेही संहितावाचन करता येते. प्रवेशद्वारावर नोंदणीचा तक्ता असतो. तेथे नाव, इयत्ता, पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक लिहिल्याशिवाय आत जाता येत नाही. प्रारंभी दीपप्रज्वलन, मग नृत्य किंवा गाणी, त्यानंतर प्रेरणादायी भाषण, मग यशस्वी विद्यार्थ्यांचा पालकांसह सत्कार. शेवटी संचालकांचे मनोगत आणि नव्या तुकडीची घोषणा होते. या संहितेत नायक विद्यार्थी आहे असे भासते, परंतु त्याला संवाद नसतो. तो येतो, शाल-श्रीफळ स्वीकारतो, छायाचित्रापुरता थांबतो आणि उतरतो. उत्कर्षबिंदू घोषणेचा असतो. पालकांच्या डोळ्यांतील अश्रू खरे असतात आणि त्यामुळेच ते जाहिरातीच्या फार उपयोगी पडतात.

नोंदणीचा तक्ता हा सोहळ्याचा सर्वांत कमी लक्ष वेधणारा, पण सर्वांत मोलाचा भाग होय. कार्यक्रमाचा खर्च त्या यादीतून वसूल होतो. पुढील महिनाभर येणारे फोन त्या यादीतूनच येतात. येथे अलीकडच्या कायद्यांची दखल घेणे अगत्याचे आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे व मुलांना लक्ष्य करून केलेल्या जाहिरातीस मनाई आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. अकरावी-बारावीचे बहुसंख्य विद्यार्थी याच वयोगटात मोडतात. तसेच नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र त्याच्या निवडीनंतर घेतलेल्या लेखी संमतीविना वापरता येत नाही आणि त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता हेही सांगावे लागते. कायद्याने विद्यार्थ्याला ग्राहक म्हणून संरक्षण दिले, ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु त्याला ग्राहकाहून अधिक काही मानण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते काम शिक्षणसंस्थेचे आहे.

युवक महोत्सव : दुसरा पर्याय

याच परिसरात, याच वयाच्या मुलांसाठी, अगदी वेगळ्या तत्त्वावर चालणारी एक यंत्रणा आहे. विद्यापीठाचा आंतरमहाविद्यालयीन युवक महोत्सव ही ती यंत्रणा होय. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला अशा विभागांत तेथे स्पर्धा होतात. पोवाडा, लावणी, भारूड यांसारख्या लोककलांना तेथे स्थान आहे. येथील विजेते पुढे ‘इंद्रधनुष्य’ या राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवात आणि राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांत जातात.

महोत्सवातही उणिवा आहेत. परीक्षणाबद्दलच्या तक्रारी दर वर्षी होतात. काही महाविद्यालये बाहेरचा दिग्दर्शक व नृत्यशिक्षक मानधनावर आणतात, म्हणजे तेथेही व्यवसाय आहेच. ध्वनिव्यवस्थेचा गोंधळ, लांबलेले वेळापत्रक, रिकामे प्रेक्षागृह ही दृश्ये अपरिचित नाहीत. चकचकीतपणाच्या कसोटीवर महोत्सव व्यावसायिक सोहळ्यापुढे निश्चितच फिका पडतो. तथापि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे सर्वांत समाधानकारक मिळते. मूकनाट्यात तीन आठवडे तालीम केलेली मुलगी निकाल काहीही लागो, शरीराची एक नवी भाषा शिकून घरी जाते. ढोलकी उचलून नेणारा विद्यार्थी संयोजन शिकतो. मानधनावर आलेल्या दिग्दर्शकानेही विद्यार्थ्यालाच रंगमंचावर उभे करावयाचे असते. पैसा येथे विद्यार्थ्याच्या सादरीकरणावर खर्च होतो, त्याच्या लक्षावर नव्हे. व्यवसाय असणे वा नसणे यापेक्षा हा भेद अधिक निर्णायक आहे.

प्राध्यापकांची जबाबदारी

या सर्व व्यवहारात महाविद्यालय केवळ बघ्याच्या भूमिकेत आहे, असे म्हणता येणार नाही. देयकावर स्वाक्षरी प्राध्यापकाची असते. सभागृह देण्याचा निर्णय प्राचार्यांचा असतो. ‘नॅक’च्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांनी सहभाग घेतलेल्या सांस्कृतिक व क्रीडा कार्यक्रमांची वार्षिक सरासरी संख्या विचारली जाऊ लागल्यापासून संख्येला अवाजवी महत्त्व आले. व्यावसायिक संयोजक एका दिवसात चार कार्यक्रम, छायाचित्रे आणि अहवालासह पुरवू शकतो. तीन आठवड्यांच्या तालमीतून मात्र एकच एकांकिका निघते. आकड्याच्या दृष्टीने पहिला पर्याय चारपट सरस ठरतो. सहभाग या शब्दाचा अर्थ उपस्थिती असा होऊ लागला, यात व्यावसायिकाचा दोष कमी आणि संस्थेच्या सोयीचा भाग अधिक आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. बाहेरच्या व्यावसायिकाला काम देताना त्याच्या चमूत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकण्याची संधी देण्याची अट घालता येते. ध्वनिसंयोजन, प्रकाशयोजना, निवेदन, हिशेब ही सारी रोजगारक्षम कौशल्ये आहेत. प्रायोजक स्वीकारताना त्याचा फलक लावण्यास मुभा देऊन विद्यार्थ्यांची यादी देण्यास स्पष्ट नकार देता येतो. स्नेहसंमेलनाच्या वेळेपैकी मोठा हिस्सा विद्यार्थ्यांच्या सादरीकरणासाठी राखून ठेवता येतो. संयोजन समितीतील पदे विद्यार्थ्यांना देऊन जमाखर्च त्यांच्याकडून सूचनाफलकावर लावून घेता येतो. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा वा नवा निधी लागत नाही.

समारोप

नांदेड-लातूर परिसरातील विद्यार्थी-कार्यक्रम व्यवसायाने मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या प्रदेशात स्वयंरोजगार निर्माण केला, सादरीकरणाचा तांत्रिक दर्जा उंचावला आणि छोट्या गावातील मुलांना मोठ्या शहरातील झगमगाट दाखवला. हे श्रेय नाकारता येत नाही. पण लक्ष्मण देशपांडे यांच्या एकहाती उद्योगाशी तुलना केली असता त्याची मर्यादा ठळक होते. तेथे कलावंताने प्रेक्षकाकडून प्रयोगाचे मोल घेतले आणि त्याला त्याची भाषा परत दिली. आजच्या सोहळ्यात प्रेक्षकाला प्रवेश फुकट मिळतो, आणि जे फुकट मिळते त्याची किंमत यादीतल्या क्रमांकाच्या रूपाने दुसरीकडे वसूल होते.

या क्षेत्रातील कोणत्याही उद्योजकाचे मूल्यमापन गर्दी, प्रायोजक वा उलाढाल यांवर होऊ नये. त्याच्या कार्यक्रमानंतर किती विद्यार्थी प्रथमच रंगमंचावर, पडद्यामागे किंवा हिशेबाच्या वहीसमोर उभे राहिले, ही कसोटी अधिक न्याय्य आहे. किनवटहून वा निलंग्याहून दोन वर्षांसाठी आलेला मुलगा परत जाताना प्रवेशपत्रिका घेऊन जाईलच. त्याबरोबर एखादा पाठ असलेला संवाद, एखादे स्वतः लिहिलेले निवेदन त्याच्याजवळ असावे, एवढी अपेक्षा शिक्षणसंस्थेकडून करणे गैर नव्हे.